इन्सुलिनला सुळावर चढवण्याआधी

"इन्सुलिननंच घात केला असता त्याचा. आता ते कायमचं बंद करा." ठाण्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या बोक्याची साखर एकदम घसरून त्याला फिट आली, तेव्हापासून हा सल्ला तिला उठता-बसता ऐकावा लागतोय. सल्ला देणाऱ्यांत नातेवाईक आहेत, जन्मभर मांजरं पाळलेली जुनीजाणती माणसं आहेत, आणि तिच्या सोसायटीतले एक निवृत्त बँक अधिकारीही आहेत, जे स्वतः सकाळ-संध्याकाळ पोटाला इन्सुलिन टोचून घेतात. मुख्य सल्ल्याला दोन पोटकलमं आहेत. रोज सुया टोचून मुक्या जनावराचे हाल कशाला करता, हे एक. दुसरं जरा आवाज उतरवून सांगितलं जातं: त्याच्या मेंदूवर परिणाम झालाय, डॉक्टरांना सांगून झोपवून टाका, सुटेल बिचारा.

हेतू चांगला असेल. सल्ला मुळापासून चुकलेला आहे, आणि त्यातला पहिला भाग इमानेइतबारे पाळला तर ज्या मरणापासून मांजराला वाचवायचंय तेच दुसऱ्या दारानं घरात येतं.

आधी काय घडलं ते सांगते. बंडू अकरा वर्षांचा, नसबंदी झालेला, घरातच वाढलेला आणि जरा जास्तच वाढलेला बोका. मांजरांतला मधुमेह बहुधा असल्याच गिऱ्हाइकांना गाठतो. त्याला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट ग्लार्जिन इन्सुलिन सुरू होतं. मग दवाखान्यात सांगितलं गेलं की कोरडे दाणे बंद करा, मांसाचं ओलं खाणं द्या. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. मांजर पक्कं मांसाहारी. दाण्यांना आकार यायला पिठूळ पदार्थ लागतातच आणि ते त्याच्या शरीराला पेलत नाहीत. बहिणीनं दाणे बंद केले. डोस मात्र होता तोच राहिला. खाण्यातली पिष्टं अशी एकदम कमी झाली की इन्सुलिनची गरजही झपाट्यानं कमी होऊ शकते, हे तिला कुणी बोललं नाही. थोड्याच दिवसांत एका पहाटे बंडू स्वयंपाकघरात भिंतीला डोकं टेकवून उभा दिसला. मागचे पाय लटपटत होते, तोंडातून लाळ गळत होती. बहीण जवळ जाईपर्यंत तो आडवा झाला आणि चारही पाय झाडू लागला. दवाखान्यात पोचल्यावर मीटरवर आकडा उमटलाच नाही, नुसतं 'लो' आलं. शिरेतून डेक्स्ट्रोज गेलं तेव्हा झटके थांबले.

आता यात आरोपी कोण? इन्सुलिन?

इन्सुलिन साखर प्रमाणाबाहेर खाली नेऊ शकतं, हा शोध काही बंडूनं लावलेला नाही. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला, १९२२ च्या जानेवारीत तो लेनर्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला टोचला गेला, आणि त्याच सुमाराला प्रयोगशाळेतले ससे जास्त डोसनं तडफडताना दिसले. ते पाहून कुणी औषध फेकून दिलं नाही. उलट त्याच परिणामाचं माप केलं. दोन किलोच्या उपाशी सशाची साखर ४५ मिलिग्रॅमपर्यंत उतरवायला जेवढं इन्सुलिन लागेल, त्यावरून सुरुवातीचं 'युनिट' बांधलं गेलं. म्हणजे सिरिंजवर आपण जी रेघ बघतो तिचा जन्मच साखर घसरण्यातून झाला आहे. औषध धोक्याचं आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच ते मोजून द्यायचं असतं, आणि ज्याला द्यायचं त्याची साखरही मोजायची असते. बहिणीच्या घरी इन्सुलिन मोजलं जात होतं, साखर नाही. चुकलं ते इथे.

निवृत्त बँक अधिकाऱ्यांना मी एक साधा प्रश्न विचारला. घरातल्या आजोबांनी एकादशीला सवयीनं सकाळचं इन्सुलिन घेतलं, दुपारपर्यंत भगर-आमटी काही पोटात गेली नाही आणि घाम फुटून ते खुर्चीतून घसरले. घरचे काय करतात? साखरपाणी पाजतात, दवाखाना गाठतात, डॉक्टर डोस कमी करून देतात आणि 'परत उपास केलात तर बघा' असा दम भरतात. आजोबांचं इन्सुलिन कायमचं बंद करा, असं कोणी म्हणत नाही. त्यांना शांतपणे झोपवा, असं तर सुनासुद्धा म्हणत नाहीत. मग मांजराच्या बाबतीत तेच शरीरशास्त्र अचानक उलटं कसं वाहू लागतं? त्यांनी चष्मा पुसला आणि "माणसाची गोष्ट वेगळी" म्हणाले. कशी वेगळी, ते अजून कळलेलं नाही.

इन्सुलिन कायमचं बंद केलं तर काय होतं, ते या सल्लागारांनी पाहिलेलं नसतं, कारण ते एका रात्रीत होत नाही. फिट सगळ्यांना दिसते, तिचा धसका बसतो. साखर चढत जाण्याचा तमाशा होत नाही. आधी पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतं, लघवीचा ट्रे भिजून जड होतो. पाठीचा मणका हाताला लागू लागतो. काही मांजरांच्या मागच्या पायांतला जोर जातो आणि ती पंजावर न चालता घोटा टेकून चालतात. पुढे शरीर चरबी जाळायला घेतं, रक्तात कीटोन साठतात, मांजर खाणं टाकतं, ओकतं, मलूल पडतं. ही कीटोॲसिडोसिसची अवस्था. इथून मांजराला परत आणायला सलाईन, तासातासाची तपासणी आणि मोठं बिल लागतं, आणि तरीही सगळी परत येत नाहीत. शिवाय जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी भरते, ते वेगळंच. साखर घसरून मरणं आणि साखर चढून मरणं यांत दयाळू कोणतं, हा वाद मला घालायचा नाही. पण इन्सुलिन बंद करणं म्हणजे 'निसर्गावर सोडणं' असं गोड नाव देऊ नये. निसर्ग या आजारात फार सावकाश मारतो.

मग करायचं काय? पशुवैद्यकाची रूढ पद्धत नाट्यमय नाही, म्हणूनच कदाचित ती कोणाच्या तोंडी नाही. घसरणीनंतर साखर पुन्हा वर येईपर्यंत पुढचा डोस थांबवायचा, आणि मग सुरुवात करायची ती साधारण आधीच्या निम्म्या डोसनं, डॉक्टरांना विचारून. 'थांबवा' आणि 'कायमचं बंद करा' यांत जो फरक आहे त्यातच मांजराचा जीव असतो. बंडूच्या बाबतीत दोनाचं एक युनिट झालं.

या पद्धतीत एक खाचखळगा आहे. घसरणीनंतरचा दिवस-दोन दिवस साखर बेभरवशाची असते. शरीरानं घाबरून ग्लुकॅगॉन, ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल बाहेर सोडलेलं असतं, वर आपण मध आणि डेक्स्ट्रोज दिलेलं असतं, त्यामुळे मीटर चारशेचा आकडा दाखवू शकतो. तो पाहून घरातलं कुणीतरी म्हणतं, बघा, डोस कमी केला तर चढली साखर, वाढवा परत. याच क्षणी दुसरी फिट पेरली जाते. घसरणीनंतरच्या चढ्या आकड्याला लगेच डोसनं उत्तर द्यायचं नसतं. शरीराला बसायला वेळ द्यायचा असतो.

आता एक गोष्ट, जी 'बंद करा' म्हणणाऱ्यांच्या बाजूची वाटेल. ती लपवण्यात अर्थ नाही. मांजरांचा मधुमेह माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो, आणि त्यातला काही मांजरांचा मधुमेह खरोखर माघार घेतो. साखर लवकर आटोक्यात आली, खाणं बदललं, वजन उतरलं, की दमलेल्या स्वादुपिंडाला उसंत मिळते आणि ते पुन्हा कामाला लागतं. मग बाहेरचं इन्सुलिन जास्तीचं होतं आणि साखर घसरते. म्हणजे बंडूची फिट ही बरं होण्याची पहिली खूणही असू शकते. खाजेसाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांमुळे मधुमेह जडलेल्या मांजरांत तर हे हमखास लक्षात ठेवावं. स्टिरॉइडचा अंमल उतरला की गरज बदलते. पण माघार घेतली आहे की नाही हे ठरवायचं कशावरून? डोस पायरीपायरीनं उतरवत, प्रत्येक पायरीला साखर बघत, आणि शेवटी इन्सुलिनशिवाय निदान चार आठवडे साखर जागेवर राहते का ते पाहून. सोसायटीच्या बाकावर बसून नाही. मांजर बरं झालं असेल तर ते मोजण्यातूनच कळेल, आणि झालं नसेल तर तेही मोजण्यातूनच कळेल. एकच रस्ता दोन्हीकडे जातो.

मोजायचं म्हटलं की पहिलं पोटकलम पुढे सरकतं: क्रूरता. म्हणून बहिणीच्या घरी हे कसं होतं ते जवळून सांगते. बंडू सोफ्याच्या हातावर बसतो. ती कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल त्याच्या कानाला थोडा वेळ धरते, म्हणजे काठाची शीर फुलते. उजेडाकडे कान धरला की कडेनं जाणारी ती बारीक तांबूस रेघ दिसते. कानामागे घडी केलेला कापूस ठेवायचा, नाहीतर सुई आरपार जाऊन आपल्याच बोटात घुसते. शीर आणि काठ यांच्या मधल्या जागेत लॅन्सेट टोचायचं. मोहरीएवढा थेंब येतो. स्ट्रिप त्याला नुसती टेकवायची, ती आपोआप ओढून घेते. मग कापसानं कान दाबून धरायचा. बंडू एवढ्यात कान एकदा फडकवतो, कारण त्याचं लक्ष बहिणीच्या दुसऱ्या हातातल्या उकडलेल्या चिकनच्या तुकड्याकडे असतं. हल्ली ग्लुकोमीटरच्या पाकिटाची चेन वाजली की तो स्वतःहून सोफ्यावर येतो. इन्सुलिनची सुई तर यापेक्षा बारीक. मानेच्या किंवा कुशीच्या सैल कातडीत ती गेलेली बऱ्याच मांजरांना जेवताना कळतही नाही. याला हाल म्हणायचं असेल तर नखं कापण्याला काय म्हणायचं?

काही मांजरं खरोखर हात लावू देत नाहीत. ओरबाडतात, चावतात, पलंगाखाली जाऊन बसतात. त्यांच्यासाठी माणसांचा चौदा दिवस टिकणारा दंडावरचा सेन्सर पशुवैद्य मांजराच्या अंगावर लावतात. तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे आकडा थोडा मागून येतो आणि साखर वेगानं घसरत असताना हे ध्यानात ठेवावं लागतं. स्वस्त नाही. पण उपाय आहे.

आणखी एक आक्षेप बराच शास्त्रीय वाटतो, म्हणून त्याला जरा जास्त जागा देते. माणसाचं ग्लुकोमीटर मांजराला चालत नाही, तेव्हा घरी मोजण्याला अर्थ नाही, असं सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. माणसाच्या रक्तातल्या साखरेचा मोठा वाटा तांबड्या पेशींत असतो. मांजराची जवळजवळ सगळी साखर पातळ भागात, प्लाझ्मात असते. माणसाच्या रक्तासाठी बेतलेलं यंत्र हा फरक धरत नाही आणि मांजराची साखर बहुधा आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. प्राण्यांसाठी बेतलेली मीटर मिळतात, पण त्यांच्या स्ट्रिपा महाग आणि दर दुकानात नसतात. पण चूक कोणत्या दिशेला होते ते बघा. यंत्र कमी दाखवतं, म्हणजे धोक्याची घंटा थोडी आधी वाजते. घसरणीतून नुकत्याच उठलेल्या मांजराच्या घरात याहून बरी चूक मागून मिळणार नाही. एकच यंत्र वापरायचं, आकडे वहीत लिहायचे, आणि ती वही डॉक्टरांना दाखवताना हे माणसाचं मीटर आहे एवढं सांगायचं. बहिणीच्या सासऱ्यांचं ग्लुकोमीटर कपाटात वरच्या कप्प्यात होतंच. महाराष्ट्रातल्या किती घरांत ते नसतं?

"एवढंच असेल तर लघवीची पट्टी वापरा, टोचायला नको," असंही कुणी सुचवतं. मांजराची मूत्रपिंडं साखर लघवीत सोडू लागतात ती रक्तातला आकडा साधारण अडीचशेच्या पुढे गेल्यावर. त्याच्या खाली दोनशे असो, शंभर असो की चाळीस, पट्टी एकच सांगते: साखर नाही. ज्या घसरणीची आपल्याला भीती आहे तिच्याबद्दल ही पट्टी ठार मुकी आहे. कीटोन बघायला तिचा उपयोग आहे, तेवढ्यासाठी जरूर ठेवा.

राहिला 'डॉक्टर आहेत ना, ते मोजतील' हा युक्तिवाद. डॉक्टर हवेतच. पण पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून, शेजारी भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या वासात दोन तास बसवलेल्या मांजराची साखर भीतीनंच वर जाते. निरोगी मांजराची सुद्धा तीनशेच्या घरात गेलेली पशुवैद्यांनी पाहिली आहे. त्या एका आकड्यावर डोस वाढवला की घरी गेल्यावर भीती उतरते, साखर उतरते आणि वाढवलेलं इन्सुलिन शरीरात शिल्लक राहतं. फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी सांगते, म्हणून ती भीतीनं फसत नाही. पण सरासरीत एका पहाटेची घसरण बुडून जाते. हे दवाखान्यावरचं टीकास्त्र नाही. रोज सकाळी सात वाजता बंडूची साखर किती, हे सांगायची सोय फक्त बंडूच्या घरात आहे. ठाण्या-पुण्यात रात्री-बेरात्री उघडा दवाखाना शोधून सापडेल. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा सगळा भार गाई-म्हशी आणि शेळ्यांवर असतो. तिथल्या मांजरवाल्यांना तर ग्लुकोमीटरवाचून गत्यंतरच नाही.

सिरिंजचं प्रकरण मात्र कुणी काढतच नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी घसरणींचं मूळ तिथे सापडू शकतं. आपल्या देशात माणसांच्या जुन्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. ग्लार्जिन १०० युनिटचं. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या: ४० ची टोपणानं लाल, १०० ची नारिंगी. आता केमिस्टनं सवयीनं लाल टोपणाची सिरिंज हातात ठेवली आणि घरच्यांनी ग्लार्जिन 'एका रेघेपर्यंत' भरलं, तर आत एक नाही, अडीच युनिट जातात. माणसाच्या अंगात दीड युनिट जास्त गेलं तर बहुधा चालून जातं. चार-पाच किलोच्या मांजराच्या अंगात ते फिट आणतं. काही जण अर्धं युनिट मोजता यावं म्हणून ग्लार्जिनमध्ये सलाईन मिसळतात. तेही करू नये. हे औषध आम्ल द्रावणात ठेवलेलं असतं आणि कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण होऊन ते सावकाश विरघळतं, मिसळलं की हा सगळा हिशेब बिघडतो. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेल्या ०.३ मिलीच्या सिरिंजा असतात, केमिस्टला मागवायला सांगाव्यात. आणि एकत्र कुटुंबात सर्वांत साधी दुर्घटना: सुनेनं टोचलं, तिला न विचारता मुलानंही टोचलं. फ्रिजच्या दारावर तारखेचा कागद लावून टोचेल त्यानं लगेच खूण करायची, एवढ्यावर ती टळते. टोचलं की नाही याची शंका असेल तर परत टोचायचं नाही. एक डोस चुकल्यानं मांजर मरत नाही.

सुया नकोत तर गोळी द्या, हाही नवा सल्ला ऐकू येतो. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात बेक्साग्लिफ्लोझिन नावाची मांजरांसाठीची गोळी मंजूर झाली, पुढच्या वर्षी वेलाग्लिफ्लोझिन हे पातळ औषध आलं. चांगली औषधं आहेत. पण तिथल्या मंजुरीतच लिहिलंय की ज्या मांजराला आधी इन्सुलिन दिलं गेलंय त्याच्यासाठी ती नाहीत, कारण साखर साधारण दिसत असतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. तेव्हा सासऱ्यांच्या डब्यातली त्याच कुळातली गोळी चतकोर करून बंडूला द्यायचा विचार कुणी मनात आणू नये. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या तर स्वतःच साखर खोल घसरवतात. मेथीचं पाणी, कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड यांबद्दल एवढंच म्हणते की मांजरानं ती आजवर ओकूनच उत्तर दिलेलं आहे.

मेंदूचा मुद्दा जड आहे. त्याला हसण्यावारी नेता येत नाही. मेंदूकडे साखरेचा साठा नसतो, पुरवठा तुटला की त्याच्या पेशी उपाशी पडतात, आणि उपास लांबला की काही मरतात. फिट थांबल्यावर बंडू शुद्धीवर आला पण त्याला दिसत नव्हतं. टेबलाच्या पायावर आपटायचा, हाक मारली की भलतीकडे मान वळवायचा. डॉक्टरांनी डोळ्यावर टॉर्च टाकला तर बाहुली मात्र झटकन बारीक झाली. म्हणजे डोळा शाबूत होता; पाहणारा मेंदूचा भाग गप्प होता. याच दिवसांत 'झोपवा' हा सल्ला सगळ्यांत जोरात येतो, आणि याच दिवसांत तो ऐकायचा नसतो. कारण मेंदूची सूज आणि उपासमार ओसरायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि अशी आंधळी झालेली कितीतरी मांजरं पुन्हा पाहू लागतात. सगळी नाही. काहींची नजर जाते ती जातेच, काहींना पुढे फिट येत राहते. पण आंधळं मांजरही ओळखीच्या घरात मिशांनी आणि सवयीनं वावरतं. ट्रे, पाणी आणि जेवण यांच्या जागा बदलल्या नाहीत म्हणजे झालं. पलंगावरून पडणार नाही अशी एक खोली, जमिनीवर चटई, थोडं-थोडं खाणं, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळांना कानाचा थेंब. एवढं करून वाट बघायची. वाट पाहूनही ते गिळत नसेल, उभं राहत नसेल, झटके औषधांना जुमानत नसतील, तर झोपवण्याचा निर्णय दयेचाच असतो आणि तो घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. माझा आक्षेप घाईला आहे. बंडूला आता दिसतं. उजव्या बाजूनं येणारं पाल-झुरळ त्याच्याकडून कधीकधी सुटतं, पण ते आधीही सुटायचंच.

या सगळ्यात माझ्या बाजूच्याही काही लोकांना दोन शब्द सुनावणं भाग आहे. मोजायला शिकल्यावर काहींना आकड्यांचं वेड लागतं. दीडशे आला तरी चैन नाही, शंभर हवा, मग थोडंसं वाढवू या. एकदा खोल घसरलेल्या मांजराला असल्या कसरतीची गरज नाही. थोडी चढी साखर काही आठवडे परवडते. खोल घसरण एक तासही परवडत नाही. याच्या उलट टोकाला फिटची इतकी धास्ती घेतलेली माणसं असतात की मांजर महिनोन् महिने साडेतीनशे-चारशेवर ठेवतात आणि ते सुरक्षित आहे असं समजतात. तेही मागच्या पायांतला जोर जाताना बघत बसणंच आहे.

खर्चाचं बोलू या. माणसांना औषध मिळत नाही आणि मांजरावर पैसे उधळता, हा टोमणा बहिणीला एका लग्नात जेवताना ऐकावा लागला. बोलणाऱ्याच्या ताटात तेव्हा तिसरी जिलबी होती. माणसांना औषध मिळायलाच हवं. पण बंडूची ग्लार्जिनची बाटली फ्रिजमधून काढून टाकली म्हणून ती कुठल्या गरजूच्या घरी पोचणार नाही. एक-एक युनिटनं ती बाटली बराच काळ पुरते. खर्चाचा मोठा भाग असतो तो आणीबाणीचा दाखला, सलाईन आणि रात्रीचे तास. पैशाचा हिशेब करायचा तर स्ट्रिपांचा डबा हा त्यातला सगळ्यांत स्वस्त विमा निघतो.

घरी अशी आणीबाणी आलीच तर काय करायचं, हे सल्ले देणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही, म्हणून लिहून ठेवते. मांजर शुद्धीत आणि गिळत असेल तर लगेच खायला घाला. गिळत नसेल, झटके येत असतील तर तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. मध, काकवी किंवा ग्लुकोजची दाट पेस्ट बोटानं हिरड्यांना चोळा, दातांखाली बोट जाऊ देऊ नका. मांजराला गोड चव कळतच नाही, जिभेवरचा तो ग्राहक त्याच्याकडे नसतो, तेव्हा मधाची वाटी पुढे ठेवून ते चाटेल म्हणून थांबू नका. आणि मधानं ते उठून बसलं तरी दवाखान्यात न्या. मधाचा जोर थोड्या वेळात ओसरतो, टोचलेलं इन्सुलिन त्यानंतरही तासन् तास काम करत राहतं.

पशुवैद्यांना एक विनंती आहे. इन्सुलिनची चिठ्ठी लिहिताना डोसच्या शेजारी दोन गोष्टी आणखी लिहा: औषध ४० चं की १०० चं, आणि सिरिंज कोणत्या टोपणाची. खाणं बदलायला सांगाल त्याच दिवशी डोसचं काय करायचं तेही सांगा. आणि मांजर पहिल्या इन्सुलिनवर घरी सोडण्याआधी, घरच्यांकडून तुमच्यासमोर एकदा कानाचा थेंब काढून घ्या.